चार कोन

नाआ कोर्ले दुकानात आली तेव्हा
मी एका खेकड्याची नांगी घासत होतो.
शुक्रवारी मयत निघायची
आणि खेकड्याचे डोळे अजून बसवायचे होते.

म्हणाली, सोवा, माझं माप घे.

म्हटलं, मापाशिवाय ठाऊक आहे मला.
चाळीस वर्षं समुद्राच्या रस्त्यावर बसून
केंकी विकलीस,
आंबवलेल्या मक्याचे गोळे, कणसाच्या सालात गुंडाळलेले.
सहा फुटी एक करीन तुला,
सालाच्या रेघा एकेक कोरीन, वर गाठ,
बघणाऱ्याला वाफ दिसेल.

नको, म्हणाली. पेटी कर.
पेटी?
पेटी. चार कोन. झाकण.

तेशीच्या आमच्या गल्लीत माणूस
ज्याच्यावर जगला त्यातच झोपून जातो.
मासेवाला माशात, बागाईतदार कोकोच्या फळात,
मास्तर उघड्या पुस्तकात.
लामते तर जन्मात कधी उडाला नव्हता,
त्याला मी विमानात घातला, खिडक्यांसकट.
पोरांची हौस.
साध्या पेट्या रस्त्यापलीकडे मिळतात,
ज्यांना परवडत नाही त्यांना.

हिला परवडत होतं.
कमरेच्या गाठीतून नोटा काढून
तिने खेकड्याच्या पाठीवर मोजल्या.

संध्याकाळी तिचा थोरला आला, आजेतेई, घामाघूम.
लोक काय म्हणतील, काका?
म्हणतील, पोरांनी आईला खोक्यात भरली.
चारचौघांसारखं जायला
हिला काय धाड भरली आहे?
चारचौघांसारखं म्हणजे
तीन रंगांत रंगवलेला सहा फुटी मक्याचा गोळा.
मी हसलो नाही. माझं पोट त्याच्यावरच चालतं.

दुसऱ्या दिवशी मीच गेलो तिच्या टपरीवर.
का गं?
ती उकळत्या पातेल्यातून गोळे काढत होती,
बोटं न भाजता.
मला केंकी आवडत नाही, म्हणाली.
कधीच नाही आवडली. आंबट लागते.
घरी मी भात करते.

मग तुझा आकार कुठला?

गिऱ्हाइकाला मिरचीची चटणी वाढून झाली,
सुटे पैसे देऊन झाले,
मग म्हणाली,
तुला सांगितला तर तू करशील,
आणि सगळी गल्ली बघेल.

चार फळ्यांना चार दिवस लागले.
लाकूड मऊ, हात सवयीने वळायचा,
कडेला कल्ला फुटू बघायचा, मधेच शेपूट.
गुण्या शोधावा लागला,
बापाच्या हत्यारांत तळाशी सापडला, गंजलेला.
माशाची चूक खवल्यांत जिरते.
कोनाची चूक कोनातच राहते,
रात्री उठून मी ती बघायला जायचो.

हरमटानची धूळ उडू लागली तेव्हा ती गेली.
खांदेकरी नाचत निघाले
आणि नाक्यावर थबकले.
माशाला तोंड असतं, गाडीला दिवे.
हिचं पुढे कुठलं?
वाद झाला. फिरवली. पुन्हा फिरवली.
आजेतेई जमिनीकडे बघत उभा होता.
कडेला भिंतीवर बसलेल्या एका पोरीने विचारलं,
आत कोण आहे?

विमान गेलं तेव्हा
कुणी विचारलं नव्हतं.

काल माझ्या ओदाईच्या वहीत एक चित्र दिसलं.
सहा फुटी रंधा, पात्यासकट, मूठही बरोबर,
नक्षी चांगली काढतो पोरगा.
खाली माझी उंची लिहिलेली,
एक इंच कमी.

इंच तेवढा दुरुस्त केला.
रंध्याबद्दल
अजून काही बोललो नाही.